गाण्यांचं अ‍ॅप, पाच वर्षं आणि ‘हल्लीच्या गाण्यांत काही राम नाही’

मी गाणं शिकवते. समोरच्याचा स्वर पेटीशी ताडून बघायचा, चढला की सांगायचं, उतरला की सांगायचं, हे काम तीस वर्षांहून जास्त काळ करते आहे. ‘हल्लीच्या गाण्यांत काही राम नाही, नुसता गोंगाट’ हे वाक्यही मी तितकीच वर्षं म्हणत आले. शेवटी माझ्या भाचीने कंटाळून तिच्या गाण्यांच्या अ‍ॅपच्या फॅमिली प्लॅनमध्ये माझं नाव घातलं. ती घरी कॉम्प्युटरवर गाणी बनवते, त्यामुळे माझं वाक्य तिला लागायचं. म्हणाली, “मावशी, महिनाभर रोज एक जुनं आणि एक नवं गाणं ऐक. मग बोल.” त्या महिन्याची पाच वर्षं झाली.

हे परीक्षण त्या सेवेचं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला कुणाशी भांडायचं नाही. साठा किती मोठा, पडदा किती देखणा, बॅटरी किती खातं, याबद्दलही इथे काही मिळणार नाही. मी एकाच गोष्टीसाठी हे अ‍ॅप पारखलं: जुनं संगीत खरंच नव्यापेक्षा चांगलं होतं का, याचा प्रामाणिक शोध घ्यायला हे साधन मदत करतं का?

सगळ्यात मोठी मदत झाली ती सेटिंगमध्ये आत कुठेतरी दडलेल्या एका बटणाची. सगळ्या गाण्यांच्या आवाजाची पातळी सारखी ठेवणारं ते बटण. पहिले दोन महिने ते बंद होतं आणि मला ते आहे हेही माहीत नव्हतं. साठच्या दशकातलं गाणं संपून यंदाचं सुरू झालं की ते अंगावर यायचं. मी दचकून आवाज कमी करायचे आणि मनात म्हणायचे, बघा, गोंगाट. भाचीने हे एकदा शेजारी बसून पाहिलं. बटण सुरू केलं आणि तीच दोन गाणी परत लावली.

झालं होतं ते असं. १९८२ साली सीडी आली. पुढे नव्वदच्या दशकात आवाजाची शिखरं छाटून बाकी सगळं वर उचलणारी डिजिटल साधनं हाताशी आली, आणि आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजावं अशी चढाओढ लागली. तबल्यावर थाप पडते तेव्हा पहिल्या क्षणी एक टोक येतं आणि मग घुमारा मागे राहतो. ते टोक कापून घुमारा वर ओढला की थाप मोठी ऐकू येते, पण थापेसारखी लागत नाही. २००८ साली मेटालिका या बँडच्या अल्बमवर त्यांच्याच चाहत्यांनी हा आक्षेप घेतला होता, कारण तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये कमी चेपलेल्या रूपात आली होती आणि फरक कानाला सरळ कळत होता. पुढे आवाज मोजायची एक सर्वमान्य पद्धत आली (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ती २००६ साली ठरवली) आणि गाण्यांच्या बऱ्याच सेवा आता प्रत्येक गाणं तिच्या आधाराने एका पातळीवर आणतात. साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) हा आकडा भाचीच्या तोंडी सतत असतो. गाणं चेपून मोठं केलं असेल तर सेवा ते तितकंच खाली आणते.

कान मुळात आवाजाच्या पातळीप्रमाणे वेगळं ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ सालीच दाखवलं होतं की हळू वाजणाऱ्या गाण्यातले खर्जाचे आणि अगदी वरचे स्वर आपल्याला त्या मानाने आणखीच कमी ऐकू येतात. म्हणजे दोन गाणी वेगवेगळ्या पातळीवर ऐकून त्यांची तुलना करणं म्हणजे एका विद्यार्थ्याला भर दुपारी आणि दुसऱ्याला पहाटे गायला लावून आवाज जोखण्यासारखं आहे. मी वर्षानुवर्षं तेच करत होते.

पातळी सारखी केल्यावर माझ्या निम्म्या तक्रारी गेल्या. ज्याला मी गोंगाट म्हणत होते त्यात शांत जागा होत्या. गायिका माइकच्या इतकी जवळ की शब्दाआधीचा श्वास ऐकू येतो. खर्ज इतका स्वच्छ की तसा जुन्या तबकड्यांवर मी कधी ऐकलेलाच नाही. तालाच्या बाबतीत तर आजची मुलं पुढेच आहेत. आडव्यातिडव्या वजनाने जाणारे ठेके ती सहज वापरतात.

मग उलटा धक्का बसला. माझं एक अतिशय लाडकं जुनं गाणं आहे. त्यात कडव्याच्या शेवटी बासरी विरत विरत जाते आणि तिच्या मागे क्षणभर काहीच उरत नाही. अ‍ॅपवर ती विरतच नव्हती, कुणीतरी मागून ढकलत असल्यासारखी शेवटपर्यंत तेवढीच. भाचीने मला त्या प्रतीच्या आवाजाचा आलेख दाखवला. वर-खाली सपाट, विटेसारखा. मग एका जुन्या संग्रहात त्याच गाण्याची दुसरी प्रत सापडली, तिचा आलेख डोंगररांगेसारखा होता आणि बासरी जागच्या जागी विरत होती. शोधात मात्र पहिली येते ती ‘रीमास्टर्ड’ वीटच. जुनं ऐकतो आहोत असं समजून लोक जुन्या गाण्याची नव्याने चेपलेली प्रत ऐकतात, आणि या दोन प्रतींतला फरक अ‍ॅप कुठेही सांगत नाही.

याहून गंभीर चूक वर्षाची आहे. गाण्याखाली जे साल लिहिलेलं असतं ते पुष्कळदा ध्वनिमुद्रणाचं नसतंच, ज्या संग्रहात ते गाणं पुन्हा आलं त्या संग्रहाचं असतं. पन्नासच्या दशकातली गायिका २०११ सालची म्हणून दिसते. ज्याला दशकांची तुलना करायची आहे त्याच्यासाठी ही बारीक चूक नाही, पायाच चुकलेला आहे. शोधात वर्षांची मर्यादा घालून गाणी मागवता येतात, ही खरं तर फार चांगली सोय. पण साल खोटं असल्यावर त्या सोयीतून काय हाती येणार? मी तीनदा लिहून कळवलं. तिन्ही वेळा आभाराचं उत्तर आलं, साल तसंच आहे. वादक, कवी, संगीतकार यांची नावं तर नव्या गाण्यांखाली सापडतात आणि जुन्यांखाली बहुतेक वेळा रिकामी जागा असते. जुन्या संगीताचा एवढा अभिमान असलेल्या माणसांनी या रिकाम्या जागेबद्दल बोलायला हवं.

तबकड्यांच्या वेगाबद्दलही सांगते, कारण पेटीवर काम करणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांनी कापलेल्या नसत, कंपनीगणिक आणि काळागणिक वेग बदले. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने फिरवून कुणी डिजिटल प्रत केली, की गाणं जलद होतंच, शिवाय स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि आवाज बारीक होतो. अ‍ॅपवर अशी एक तबकडी मी विद्यार्थ्यांना ऐकवत होते. पेटीवर पट्टी शोधायला गेले तर ती ना काळी एकशी जुळे ना पांढरी दोनशी. वेग कमी करून पाहिला तेव्हा त्या गायकाचा खरा भरदार आवाज समोर आला. त्याआधी मी मुलांना ‘त्या काळी असं बारीक आवाजात गात’ असं सांगून बसले होते. ते मी दुसऱ्या दिवशी वर्गात दुरुस्त केलं.

शास्त्रीय गाण्यासाठी हे अ‍ॅप अजिबात सोयीचं नाही. विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) वेगळे तुकडे करून ठेवलेले, त्यात शफल चुकून सुरू राहिलं तर द्रुत आधी आणि आलाप नंतर. एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारी सोय तर पहिल्याच दिवशी बंद करा.

आता मुख्य गोष्टीकडे येते. हे अ‍ॅप तुम्हाला जुनं म्हणून जे देतं ते कोणतं जुनं? सत्तरच्या दशकाची यादी उघडली की तीच ती गाणी फिरत राहतात, जी आपल्याला पाठ आहेत. नवं म्हणून देतं ते मात्र या शुक्रवारी आलेलं, अजून कुणीच न चाळलेलं सगळं. एका बाजूला पन्नास वर्षांच्या चाळणीतून उरलेलं, दुसऱ्या बाजूला चाळणीत टाकायच्या आधीचं. आजी निवडलेल्या तांदळाकडे बोट दाखवून ‘आमच्या वेळी खडे नव्हतेच’ म्हणाली तर कसं वाटेल, तसं हे आहे.

म्हणून भाचीने आणि मी रविवारची एक बैठक ठरवली. पातळी सारखी. भाचीने साल पडताळून पाहायचं आणि माझ्यापासून लपवायचं. १९७१ ते १९७५ मधली, कधी गाजली नाहीत अशी काही गाणी, आणि गेल्या चार-पाच वर्षांतली तशीच काही. मी डोळे मिटून ऐकायचं आणि वहीत दहापैकी गुण लिहायचे. ध्वनिमुद्रणाच्या पोतावरून काळ कळतोच, तो लपत नाही, पण गाणं नवीन असलं की आठवण मध्ये येत नाही. ही बैठक दोन वर्षं चालली. वही माझ्याकडे आहे.

त्या वहीतलं सत्य असं आहे की विसरलेली जुनी गाणी फार सामान्य होती. गाजलेल्या चालीची सरळ नक्कल. प्रत्येक ओळीनंतर तोच व्हायोलिनचा झुपका, मग तीच सतार, मग पुन्हा व्हायोलिन. एकाला मी दोन गुण दिले आहेत आणि बाजूला लिहिलंय, ‘गायिकेला ओळ कळलेली नाही.’ आणि नुसत्या गिटारवर गायलेलं, एका तरुण मुलाचं नवं गाणं होतं, त्याला आठ. त्याचा निषाद इतका नेमका लागला होता की मी वही बाजूला ठेवून ते परत लावायला सांगितलं. एकूण गुण मांडून पाहिले तेव्हा दोन्ही काळ जवळजवळ शेजारी येऊन बसले. मला हे आवडलं नाही. पण गुण माझ्याच हाताने दिलेले होते.

भाचीने एकदा १९८९ सालचं एक संशोधन वाचून दाखवलं, हॉलब्रुक आणि शिंडलर यांचं. लोकांना वेगवेगळ्या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा सरासरीने सगळ्यात जास्त आवडली ती त्यांच्या साधारण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षाच्या आसपासची. मी माझं तेविसावं वर्ष आठवलं. सकाळी रियाज, संध्याकाळी रेडिओ, आणि त्या वर्षी रेडिओवर लागणारं प्रत्येक गाणं. त्यातली वाईट गाणीही मला आज चांगली वाटतात, हे मी मान्य करते.

मोजमाप करणाऱ्यांचंही एकमत नाही. २०१२ साली स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० मधल्या चार लाखांहून जास्त ध्वनिमुद्रणांचं विश्लेषण केलं. गाणी मोठ्या आवाजाची होत गेली, नादाची विविधता घटली आणि एका स्वरमेळातून दुसऱ्यात जायच्या वाटा कमी झाल्या, असा त्यांचा निष्कर्ष. माझ्या बाजूचा वाटला म्हणून मी खूश झाले. २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १९६० ते २०१० मधल्या सुमारे सतरा हजार लोकप्रिय गाण्यांवर काम केलं, त्यांना सतत घसरण दिसली नाही. विविधता ऐंशीच्या दशकाच्या मध्यात कमी झाली आणि नंतर पुन्हा वाढली.

मग ऑटोट्यून. स्वर दुरुस्त करणारं हे सॉफ्टवेअर १९९७ साली आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून परतणाऱ्या लहरींचं विश्लेषण करत. माझ्या दृष्टीने हा शेवटचा आणि बिनतोड मुद्दा होता. स्वर बारा घरांत ठोकून बसवला की मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) मेली, श्रुती (स्वरांमधले बारीक फरक) मेल्या, मग गाणं कुठे उरलं? हे मी भाचीला तावातावाने सांगत होते आणि माझा हात पेटीवर होता. ती काही बोलली नाही, फक्त माझ्या हाताकडे पाहिलं.

पेटीवर हाच आक्षेप होता. अगदी याच शब्दांत. स्वर बारा घरांत बांधलेले, मींड निघत नाही, श्रुती नाहीत, गळा बिघडतो. १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदी केली आणि ती तीसेक वर्षं राहिली. आज माझे विद्यार्थी पेटीला परंपरा म्हणतात. ऑटोट्यूनच्या अतिवापराने आवाज निर्जीव होतो हे मी अजूनही म्हणते, रोज ऐकते. पण ‘यंत्राने गाणं बुडवलं’ असं म्हणताना पेटीवरचा हात आधी काढावा लागेल, आणि तो मी काढणार नाही.

एवढं सगळं गळून पडल्यावर माझी एक तक्रार उरली आहे, आणि ती मी सोडत नाही. अंतरा कुठे गेला?

वहीत पुन्हा पुन्हा हेच लिहिलेलं सापडतं. जुन्या सामान्य गाण्यातसुद्धा मुखडा मध्य सप्तकात फिरायचा, मग अंतरा वर चढायचा, तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) क्षणभर टेकायचा आणि परतीच्या वाटेवर मुखड्याचा अर्थ बदलून जायचा. नव्या चांगल्या गाण्यातही एक सुरेख तुकडा पाच-सहा स्वरांत घोळत राहतो. पोत बदलतो, ठेका बदलतो, चाल मात्र घर सोडून कुठे जात नाही. सगळ्या नव्या गाण्यांत नाही, पण इतक्या गाण्यांत की ही माझ्या वयाची तक्रार नाही असं मी ठामपणे म्हणू शकते.

यात या सेवांचा हात आहे असं मला वाटतं. गाणं निदान तीस सेकंद ऐकलं तरच ते ‘ऐकलं’ असं मोठ्या सेवा मोजतात. मग चांगली ओळ आधीच यायला हवी. अमेरिकेतल्या सर्वाधिक लोकप्रिय गाण्यांच्या २०१७ सालच्या एका अभ्यासात दिसलं की गाण्याआधीचा वाद्यांचा तुकडा १९८६ मध्ये सरासरी वीस सेकंदांहून मोठा होता, २०१५ पर्यंत तो पाचेक सेकंदांवर आला. माध्यम गाण्याला आकार देतं हे काही नवीन नाही. १९०२ साली गायिका गौहर जान यांनी तबकडीसाठी गायलं तेव्हा अख्खा राग तीनेक मिनिटांत आटोपावा लागे, आणि तेवढ्यात राग उभा करणं ही त्या पिढीची विद्याच होती. त्यांनी त्या तीन मिनिटांतही अंतरा घेतला. म्हणून ‘वेळच नाही’ हे कारण मला पटत नाही.

घ्यायचं का? ऐकण्याची आवड असेल तर घ्या. पातळी सारखी ठेवणारं बटण पहिल्या दिवशी सुरू करा, शफल आणि आपोआप पुढचं गाणं लावणारी सोय बंद करा, आणि गाण्याखालच्या सालावर विश्वास ठेवू नका. पाचपैकी साडेतीन. सालं दुरुस्त केली आणि मूळ व रीमास्टर्ड प्रती वेगळ्या दाखवल्या तर साडेचार देईन. मी या वर्षीही चालू ठेवलं आहे.

भाचीने गेल्या महिन्यात स्वतःचं एक गाणं याच अ‍ॅपवर आणलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. अंतरा आहे, तार गंधारापर्यंत जातो. पुढच्या आठवड्यापासून मी ते वर्गात शिकवणार आहे. नोटेशन लिहून झालं, फक्त एके ठिकाणी ती त्या गंधारावरून पंचमावर जी उतरते, ती जागा पेटीवर निघत नाही. तेवढी मुलांना तिच्याच आवाजात ऐकवावी लागेल.